दुपारचा कौल

शेजारची मुलं विज्ञानाच्या आकृत्या काढून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून विचारतात, "तुमका ह्या सगळ्याची आवड लागली तरी कशी?" पूर्वी मी हौसेनं सांगत बसायचे. आता कंटाळा येतो. लागली, झालं. कोकमाचा डाग लागतो तशी लागली आणि धुऊन गेली नाही. खरं कारण वेगळं आहे. आवड कशी लागली हे सांगायला घेतलं की तिचं पुढे काय झालं तेही सांगावं लागतं, आणि ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं गाव मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठावर. घरात बाबा, आई, मी आणि बाबांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे मोठे काका म्हणायचे. काकी लवकर गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, आणि घर, शेत, माड, देवळातले मान, सगळं काकांच्या हातात. बाबा गावच्या शाळेत मास्तर. शाळेत ते शुद्ध मराठी बोलायचे आणि आवाज असा खणखणीत की बाहेर रस्त्यावर ऐकू यावा. घरी आले, चपला काढल्या की मालवणी सुरू, आणि काकांपुढे तर आवाजच नाही. "दादा सांगतत तसा," एवढंच. मला त्याचा लहानपणापासून राग यायचा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्यानं आमच्या आयुष्यात फरक पडला तो एवढाच की शाळेच्या कागदांवरचा पत्ता बदलला. गावच्या वाचनालयात विज्ञानाचं एक मासिक यायचं, ते कुणी फारसं उघडत नसे. महिना उलटला की बाबा जुना अंक माझ्यासाठी घरी आणायचे आणि काही न बोलता माझ्या उशाशी ठेवायचे. कृष्णविवरावरचा लेख वाचता वाचता मी चुलीवरची आमटी करपवली, ते अजून आठवतं. आईची बोलणी खाता खाता मी तिला समजावू लागले, "अगो, असा एक भोक आसता आकाशात, तेच्यातसून उजेडसुद्धा भायर येऊक शकणा नाय."

"तसा भोक माका ठावक आसा," आई टोप घासत म्हणाली. "ह्या घर तसाच."

आईचं विज्ञान हे असं. आमच्याकडे जुना रेडिओ होता. दिवसा त्यावर जवळची एकदोन स्टेशनं लागायची, आणि दिवेलागण झाली की कुठून कुठून लांबची भाषा, लांबची गाणी यायला लागायची. मासिकात कारण दिलं होतं. वर आकाशात एक थर असतो, संध्याकाळनंतर लांबच्या लहरी त्याच्यावर आपटून खाली येतात. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिनं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "म्हंजे आरसो?" मी म्हटलं, होय, आरसाच. त्यानंतर रेडिओ खरखरला की ती म्हणायची, "आज आरसो पुसूक नाय वाटता कोणी."

मला गाता येत नाही. गळा नाही आणि तालाचंही यथातथाच. पण गाणं म्हणजे नेमकं काय होतं, याचं मला वेड होतं. खाडीच्या पलीकडे बाया कपडे आपटायच्या, तर हात आधी खाली आलेला दिसायचा आणि आवाज मागाहून यायचा. जत्रेत एक भोंगा देवळाजवळच्या पिंपळावर बांधायचे, दुसरा एसटीच्या थांब्यापाशी, आणि आमचं घर अधेमधे. एकच ओळ आधी एका कानात आणि जराशानं दुसऱ्या कानात. तबल्याचा प्रत्येक ठोका दोनदा. आईचं डोकं उठायचं, आणि मी अंगणात पुढे-मागे चालत, दोन्ही ठोके एकदम पडतात ती जागा शोधायचे. सापडायची. शेणी ठेवायच्या खोपीच्या कोपऱ्यावर, अगदी पाऊलभर जागेत, गाणं एक व्हायचं. लोक म्हणतात, गाणं म्हणजे हवेचा नुसता धक्का, हे कळलं की त्यातली गंमत जाते. माझी कधी गेली नाही. नुसत्या हवेच्या धक्क्यानं माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मला जास्तच अजब वाटायचं. अजूनही वाटतं, फक्त आता डोळ्यांत पाणी यायला गाणंच लागतं असं नाही.

सिनेमा वर्षातून एकदोनदा. उन्हाळ्यात कसालच्या मैदानात तंबूचं थिएटर यायचं. बाबा मला संध्याकाळच्या खेळाला न्यायचे. हे त्यांनी काकांना कधी विचारलं नाही, नुसतं सांगितलं, म्हणून त्याचं मला अप्रूप. एका चित्रपटात नायिका देवळात गाते, नवरा मरणाच्या दारात, झांजा वाढत जातात, आणि ऐन वरच्या सुरावर देवाच्या डोक्यावरचं फूल घरंगळून तिच्या ओंजळीत पडतं. अख्खा तंबू रडला. बायांनी हात जोडले. मी मात्र हसू दाबत होते. परत येताना एसटीत मी बाबांना म्हटलं, "बाबा, फुलाक आधी कळता काय गाणा कधी संपतला ता?" बाबा हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्या देवळात पण फूल पडताच मां गो." मी म्हटलं, आपल्याकडे झांजा नसतात, एवढाच फरक.

आता कौलाचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, परगावची नोकरी, जमिनीचा वाद, काहीही मोठं ठरवायचं तर आधी ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न देवाच्या कानी घालतो, आणि मग सगळे वाट बघत बसतात. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर उजवी दिली, डावीकडची पडली तर डावी दिली. कुठल्या बाजूला होकार ठेवायचा ते विचारणारा सांगतो, पण सहसा मनातलं उजवीकडेच ठेवतात. देवानं दिलं की विषय संपला. मोठमोठी भांडणं मी अशी तिथल्या तिथे मिटलेली पाहिली आहेत, म्हणून मी त्याला नुसतं खुळ म्हणणार नाही. पण पाकळी कशानं पडते ते मला कळलं होतं.

आमचा देव दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. खाडीवर नजर ठेवतो म्हणतात. म्हणजे त्याचा उजवा हात पश्चिमेला, समुद्राकडे, आणि डावा पूर्वेला, डोंगराकडे. गाभाऱ्याला दोन्ही भिंतींत समोरासमोर दोन झरोके. आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो, आणि दुपार झाली की फिरतो आणि समुद्राकडून येतो, तो खारा वारा. हे भूगोलाच्या पुस्तकातही आहे आणि होडी वल्हवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ज्या बाजूनं वारा, त्या बाजूची पाकळी आधी सुकणार आणि आधी सुटणार. एवढी साधी गोष्ट. लहानपणी आईबरोबर देवळात बसून बसून मी ती पाहिली होती, आणि मासिकातला बाष्पीभवनावरचा लेख वाचल्यावर ती माझ्या डोक्यात पक्की बसली. मी कुणाला बोलले नाही. बोलून काय, चारचौघांत वाभाडे काढून घ्यायचे?

बारावीची परीक्षा मी मालवणला जाऊन-येऊन दिली. मला फिजिक्स घेऊन पदवी करायची होती. त्यासाठी कोल्हापूरला जायचं, हे माझ्या मनानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. कसालला हमरस्त्यावर कोल्हापूरची गाडी थांबायची, ती दिसली की मी तिची पाटी पुन्हा पुन्हा वाचायचे. आणि त्याच चैत्रात रेडीचं स्थळ सांगून आलं. मुलगा तिथल्या बंदरावर लोहखनिजाच्या कचेरीत कामाला, घर चांगलं, मागणं काही नाही. मोठ्या काकांना पसंत. "आणि काय होया?" ते म्हणाले. मी बाबांकडे बघितलं. बाबा एवढंच म्हणाले, "तिका शिकाची इच्छा आसा, दादा. आपण देवाक विचारूया."

मला वाटलं, सुटले. काका देवाचा शब्द मोडणार नाहीत, आणि शिक्षणाचं विचारायचं म्हणजे बाबा ते उजवीकडेच ठेवणार. आता फक्त उजवी पडायला हवी होती. कौल ठरला सकाळचा, पूजा आटोपल्यावर. सकाळी वारा डोंगराकडून. सकाळी लावला तर डावी पडणार, आणि माझं संपलं.

मग मी घरीच प्रयोग केले. मागीलदारच्या पडवीत दोन्हीकडून वारा खेळायचा. तिथे पाटा भिंतीपासून सुटा उभा केला, तगरीच्या पाकळ्या पाण्यात बुडवून दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि बसून राहिले. सकाळी लावल्या, दुपारी लावल्या, रोज. सकाळी पूर्वेची आधी पडायची, दुपारी पश्चिमेची. एखाद्या वेळी उलटं झालं, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा माझंच खरं. आईनं एकदा येऊन पाहिलं. "पाट्यार कसले कौल लावतंस गो? देव थय आसा. हय माका मिरची वाटूची आसा." मी पाकळ्या पुसून पाटा तिच्या स्वाधीन केला. माझं काम झालं होतं. कौल दुपारवर ढकलायचा, बस.

ढकलायला गाणं कामी आलं. शिमग्याला मुंबईहून धाकटे काका टेपरेकॉर्डर घेऊन आले होते आणि जाताना ठेवून गेले होते, चार कॅसेटींसकट. त्यात नाट्यगीतं होती. मोठे काका तरुणपणी देवळाच्या नाटकांत लुगडं नेसून नायिका व्हायचे, आणि नाट्यगीत ऐकलं की हा एवढा कडक माणूस विरघळायचा. त्या सकाळी काका आंघोळ करून, धोतर नेसून ओटीवर आले आणि मी टेप लावला. काका टेकले. डोळे मिटले. गुडघ्यावर बोटं चालायला लागली. मी मनात म्हटलं, बसा आता.

बाबा पिशवीत नारळ घेऊन पायरीवर उभे होते. "दादा, उशीर जाता."

"थांब रे. ह्या पद संपांदे."

ते संपलं, दुसरं लागलं. बाबा अंगणात गेले, परत आले. "गुरव वाट बघता, दादा." काकांनी नुसता हात वर केला. एरवी शांत असणारे बाबा त्या दिवशी नुसते आत-बाहेर करत होते. घड्याळाकडे बघत होते, चढत्या उन्हाकडे बघत होते. मला इतका संताप आला की काय सांगू. इतकी घाई? पोरीला एकदाची देऊन टाकायची इतकी घाई? शेवटी त्यांनी येऊन चक्क बटण दाबलं आणि टेप बंद केला. बाबांनी आजवर त्या यंत्राला हात लावला नव्हता. काकांनी डोळे उघडले. "लाव तो परत," ते म्हणाले, आणि ते बाबांना उद्देशून होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून कॅसेट उलटी करून लावली.

असं करत जेवणं झाली. जेवूनच जाऊया, काकाच म्हणाले. आणि मग वाळत घातलेली आईची लुगडी आधी लोंबकळली, आणि हळूहळू डोंगराच्या दिशेला फुगायला लागली. माडांची झावळं फिरली. खारा वारा सुटला होता. मी थोडं थांबले, वारा भरू दिला, आणि मग म्हटलं, "काका, सेल उतरले वाटता." टेप बंद केला. मनात इतकं हलकं मला त्यानंतर कधी वाटलेलं नाही.

देवळात गुरव तोंड पुसत आला. आम्हा बायकांची जागा बाहेर सभामंडपात, खांबाजवळ. तिथून पाषाण स्पष्ट दिसतो. बाबांनी गुरवाला काय विचारायचं ते सकाळीच सांगून ठेवलं होतं म्हणे. गुरवानं पाकळ्या लावल्या, उजवीकडे, डावीकडे. पश्चिमेच्या झरोक्यातून वारा येत होता. समईची ज्योत देवाच्या डाव्या अंगाला कलली होती, ती मला दिसत होती. मग त्यानं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांनी आज तुझ्या पायाकडे येवन जो प्रश्न घातलो आसा, तेचो निवाडो तू कर. ह्या मास्तराच्या चेडवाक रेडीच्या स्थळाक देवची, असा तुझ्या मनात आसा, तर उजवी दी. आणि तिका भायर शिकाक धाडूची, असा आसा, तर डावी दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. काका म्हणाले, बाबा म्हणाले, आई म्हणाली. आणि सवयीनं माझ्याही तोंडून गेलं. गाऱ्हाण्याच्या शेवटी ते आपोआपच येतं. शब्द बाहेर पडल्यावर मला अर्थ कळला.

उलटं ठेवलं होतं. लग्न उजवीकडे आणि माझं शिक्षण डावीकडे. मी बाबांच्या पाठीकडे बघत राहिले. मला वाटलं, ह्या माणसानं आपल्याला विकलं. काकांना खूश करायला मनातली गोष्ट उजवीकडे ठेवली, आणि ती माझी नव्हती. ओरडावंसं वाटलं, पण लावलेला कौल मधेच थांबवत नाहीत, आणि थांबवून सांगणार काय होते? की हा वारा आहे, देव नाही, आणि मीच तुम्हाला वाऱ्याच्या वेळेला आणलं आहे?

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला आजही कसंसं होतं. मी देवाची प्रार्थना केली. सगळी मासिकं, सगळा अभिमान बाजूला राहिला. वारा पडू दे, मी म्हटलं. एवढा एकदा पडू दे. खरंच तू असशील तर आज अस. आणि वारा आपला येत होता, रोजच्यासारखा, चांगला, एकसारखा. उजवीकडच्या पाकळीची कड उचलली गेली. थरथरली. आणि ती पडली.

"देवान उजवी दिली," काका म्हणाले. "प्रश्न मिटलो." आई डोळे पुसत होती, आनंदानं की कशानं, मी विचारलं नाही. बाबा हात जोडून उभेच होते. काकांनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आले. मी पुढे कित्येक दिवस बाबांशी कामापुरतंच बोलले. नवीन अंक उशाशी ठेवला गेला, तो मी उघडला नाही.

वैशाखात लग्न झालं. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी रेडीत होते. पहिला वर्ग. नवऱ्यानं कचेरीत पेढे वाटले. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सांगायला सोपं गेलं असतं. रेडीला बंदरावर खनिज भरायचं काम, त्यामुळे गावभर तांबडी धूळ. भांडी तांबडी, पडदे तांबडे, धुतलेले कपडे दोरीवरून काढेपर्यंत तांबडे. रेडिओच्या जाळीत ती जाऊन बसते आणि गाणं सर्दी झाल्यासारखं येतं. मी रोज पुसते. सुरुवातीला मी रोज विचार करायचे की ह्या धुळीत लोखंड किती, लोहचुंबक फिरवला तर किती चिकटेल. एकदा फिरवूनही पाहिला. नंतर नुसतीच पुसायला लागले.

दरम्यान टीव्ही आला, मग व्हिडिओ आला. वाडीत कुणाच्या घरी भाड्यानं आणून दुपारच्या वेळी बायका सिनेमा बघायच्या. मीही जायचे. सिनेमातली वीज आणि गडगडाट एकदम होतो, ते बघून मला आता हसूही येत नाही आणि कुणाला सांगावंसंही वाटत नाही. एकदा सांगायला गेले तर शेजारीण म्हणाली, "गप बस गो, आमका रडाक दी." मी गप्प बसले. थकवा असतो तो हाच. कामाचा नाही. जे दिसतं ते कुणाला सांगायचं नाही, ह्याचा.

अशीच वर्षं गेली. मुलगी झाली. मोठे काका गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले, एकटेच, एसटी बदलत बदलत. नुकतेच निवृत्त झाले होते. पिशवीत आमसुलं, उकडे तांदूळ आणि तळाशी कागदात गुंडाळलेले विज्ञानाचे दोन अंक. ते अंक बघून मला रडू आलं नाही, राग आला. इतक्या वर्षांनी हे कशाला? मी ते न बघताच कपाटावर ठेवले.

दुपारी चहा दिला. बाबा ओटीवर पाय आखडून बसले होते, परक्या घरी बसतात तसे. कप हातात धरून म्हणाले, "बाय, एक सांगूचा आसा. दादा होते तवसर धाडस झाला नाय."

मी रिकामी बशी उचलली.

"तुझ्या कौलाचा. मी ता उलटा ठेवूक सांगलंय गुरवाक."

"माका ठावक आसा," मी म्हटलं. "मी थयच होतंय. आयकलंय."

"आयकलंस. पण कित्याक, ता तुका ठावक नाय." त्यांनी कपाकडे बघितलं. "आपल्या देवळात सकाळी डावीच पडता गो. ल्हानपणापासून बघतंय मी. शंभरातली नव्वद वेळा डावी. म्हणान तुजा शिक्षाण मी डावीर ठेवलंय. लगीन उजवेर ठेवला तसे दादा पण खूश झाले, की मास्तर आपल्याच बाजूचो. सकाळी गेलो असतो तर डावी पडली असती, आणि देवान दिला म्हटल्यार दादा एक शब्द बोलणारे नाय होते. कोल्हापुरात एका मित्राकडे तुझ्या रवण्याची सोयसुद्धा करून ठेवलेली. तुझ्या आवशीकसुद्धा सांगूक नव्हतंय."

माझ्या हातात बशी होती. ती मी खाली ठेवली.

"मगे त्या दिवशी दादा गाण्याक बसले. उशीर झालो, उशीर झालो, माझो जीव नुसतो वर-खाली. आणि देवान उजवी दिली." बाबांनी चहाचा एक घोट घेतला. "माका वाटला, माजी लबाडी तेका कळली. आपण देवाक फसवूक गेलंव, तेना तोंडार मारल्यान. मगे खंयच्या तोंडान बोलतलंय मी? गप रवलंय."

ते मास्तर होते. मासिकं आणणारे तेच होते. सकाळी डावी पडते हे त्यांना ठाऊक होतं आणि का पडते हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर मग देवावर काय ठेवणार? आणि मी, मला का पडते ते ठाऊक होतं, आणि आपला बाप आपल्यासाठी काही करत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दोघं एकाच घरात, एकाच गोष्टीसाठी, एकमेकांपासून लपवून झगडत होतो. त्यांनी टेप बंद केला होता. मी तो परत लावला होता.

"पण बाय," बाबा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता, "देवान उजवी दिली म्हंजे तुजा बरा हयच होता. होय मां गो?"

ते माझ्याकडे बघत होते. मी सांगू शकले असते. पाटा, तगरीच्या पाकळ्या, न उतरलेले सेल, सगळं. मग त्यांना कळलं असतं की देवानं काहीच केलं नाही, त्या दुपारच्या कौलामागे आम्ही दोघंच होतो, बाप आणि लेक, आणि दोघांनी मिळून ते घालवलं.

"होय, बाबा," मी म्हटलं. "बरा आसा माजा."

त्यांनी चहा संपवला, कप बाजूला सारला, आणि हळूच पाय लांब करून भिंतीला टेकून बसले.